लेकीचं लिंकिन पार्क

प्रिय ताई,

प्रश्न वाचून हसू नका. माझं वय ४१, राहणार मुलुंड, नोकरी फोर्टला. २००१ साली मी बारावीत होते. त्या वर्षी बाबांची एलबीएस रोडवरची कंपनी बंद पडली आणि घरात कुणी कुणाशी बोलेनासं झालं. दादानं मित्राकडून लिंकिन पार्क या अमेरिकन रॉक बँडच्या 'हायब्रिड थिअरी'ची कॅसेट भरून आणली होती. ती वॉकमनवर ऐकत मी ते वर्ष काढलं. त्यांचा गायक चेस्टर बेनिंग्टन ओरडायचा आणि मला मोकळं वाटायचं. कॉलेजात मुलं चिडवायची, 'पोरगी असून मेटल ऐकते! आणि ऐकते काय, तर लिंकिन पार्क. ते काय खरं रॉक नाही.' मी ऐकत राहिले.

२०१७ च्या जुलैत एका शुक्रवारी सकाळी डबे भरताना चेस्टरनं स्वतःला संपवल्याची बातमी कळली. कुणाला सांगितलं नाही. 'तुझा कोण लागत होता?' असंच विचारलं असतं. ज्यानं मला त्या वर्षातून बाहेर काढलं, त्याला स्वतःला बाहेर पडता आलं नाही, हे अजून पचत नाही. २०२३ मध्ये त्याच्या आवाजातलं जुनं, कधीच न आलेलं 'लॉस्ट' बाहेर आलं, तेव्हा घाटकोपर ते कुर्ला लेडीज डब्यात तोंड खिडकीकडे करून रडले.

मग सप्टेंबर २०२४ मध्ये बँड परत आला. नवी गायिका, एमिली आर्मस्ट्राँग. मी एक गाणं अर्धं ऐकून बंद केलं. माझी चौदा वर्षांची लेक मात्र त्यांच्या 'फ्रॉम झीरो' या नव्या अल्बमवर फिदा आहे. चेस्टरची गाणीसुद्धा ती एमिलीच्या लाइव्ह व्हिडिओंवरून शिकली. येत्या जानेवारीत (२०२६) महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापालूझा या संगीत महोत्सवाला लिंकिन पार्क येणार म्हटल्यावर तिनं हट्ट धरला. माझ्या तोंडून निघून गेलं, 'ते खरं लिंकिन पार्क नाही. तुला काय कळतंय?' तेव्हापासून हेडफोन लावून बसते, जेवढ्यास तेवढं बोलते. त्याआधी एकदा तिनं विचारलं होतं, 'चेस्टर कसा गेला?' मी 'आजारी होता' म्हणून विषय बदलला होता.

मला राग नक्की कुणाचा येतोय? आणि जाऊ की नको?

— एक आई, मुलुंड

*

हसले नाही. तुला 'तू' म्हणते. पत्रात 'ताई' लिहिलंस तेव्हाच ती परवानगी मिळाली असं धरते.

'तुझा कोण लागत होता' या वाक्याशी मी बराच वेळ अडले. आपल्याकडे दुःख करायलाही नातं दाखवावं लागतं. चुलता गेला तर रजा मिळते. शेजारीण गेली तर चार जणी भेटायला जातात. दहाव्याला काय, तेराव्याला काय, सगळं ठरलेलं असतं आणि त्या ठरलेल्या गोष्टी करता करता माणूस थोडा सावरतो. अमेरिकेतला एक गायक गेला तर मुलुंडच्या बाईनं कुणाच्या घरी जाऊन बसायचं? तू डबे भरलेस, गाडी पकडलीस आणि ऑफिसात जाऊन कामाला लागलीस. बस्स, झालं तुझं सुतक.

बँडला ती सवड मिळाली. चेस्टर २० जुलै २०१७ ला गेला आणि २७ ऑक्टोबरला त्यांनी लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोलमध्ये त्याच्यासाठी मोठा कार्यक्रम केला. 'नम्ब' वाजवताना गायकाच्या जागी फुलं बांधलेला माइकचा स्टँड तेवढा उभा होता आणि गाणं म्हटलं समोरच्या हजारो लोकांनी. मग सात वर्षं नवा अल्बम नाही, दौरा नाही. मध्ये जुन्या अल्बमांच्या विसाव्या वर्षाच्या आवृत्त्या निघाल्या, त्यातच तुझं 'लॉस्ट' आलं. म्हणजे ती मंडळी सगळ्यांदेखत रडली, थांबली, आपापल्या वेळेनं उठली आणि ५ सप्टेंबर २०२४ ला पुन्हा उभी राहिली. तू मात्र लेडीज डब्याच्या खिडकीशीच आहेस. तुझं निम्मंही झालेलं नसताना त्यांनी दिवे लावले, याचा तुला राग आला. मला तर हा राग अगदी रास्त वाटतो. फक्त तो फार काळ एमिलीच्या नावावर खर्ची टाकू नकोस, त्या बाईनं तुझं काही घेतलेलं नाही.

दुसरी गोष्ट तू लिहिली नाहीस, पण पत्रभर ती आहे. चेस्टर मुंबईत कधीच आला नाही. तुझ्या उमेदीच्या वर्षांत कोण कोण येऊन गेलं! २००८ मध्ये आयर्न मेडन मुंबईत वाजवून गेले, २०११ मध्ये मेटॅलिका बंगळूरला, २०१२ मध्ये गन्स अँड रोझेस मुंबईत. दरवेळी तुला वाटलं असणार, पुढचा नंबर आपल्यांचा. तो लागला चेस्टर गेल्यावर आठ वर्षांनी. म्हणजे पाहुणे अखेर दारात आले आणि ज्याची वाट पाहत होतीस तोच त्यांच्यात नाही. अशा वेळी 'या, बसा' म्हणणं जड जाणारच.

आता 'खरं लिंकिन पार्क' या शब्दांकडे वळते. इथे मी तुझ्याशी थोडी भांडणार आहे.

चेस्टर हा या बँडचा पहिला गायक नव्हता, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. बँडचं नाव 'झीरो' होतं तेव्हा मार्क वेकफिल्ड गायचा. तो सोडून गेला आणि १९९९ मध्ये अ‍ॅरिझोनातून चेस्टर आला, बदली म्हणून. नव्या अल्बमच्या नावातला 'झीरो' त्या जुन्या नावाचीच आठवण आहे. आणि पुढे २०१३ मध्ये चेस्टर स्वतः स्टोन टेंपल पायलट्स या दुसऱ्या बँडमध्ये त्यांचा गायक स्कॉट वायलँडच्या जागी उभा राहिला. वायलँडची गाणी जीव लावून ऐकलेल्या लोकांसमोर तीच गाणी म्हणायची, हे त्यानं दोनेक वर्षं केलं. आज एमिली जिथे उभी आहे, तिथे उभं राहिलं की पायाखाली कसं वाटतं हे त्याला माहीत होतं. या गोष्टीनं तुझा राग जाईल असं मी म्हणत नाही. पण 'चेस्टरशी बेइमानी' असा शब्द मनात येत असेल, तर तो खोडायला एवढं पुरेसं आहे.

आपल्या नाटकवाल्यांकडे याला सरळ 'रिप्लेसमेंट' म्हणतात आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. १९७० मध्ये 'नटसम्राट' आलं तेव्हा श्रीराम लागूंचे अप्पा बेलवलकर पाहिलेले लोक दुसऱ्या कुणाला त्या जागी बघायला तयार नव्हते. पुढे दत्ता भट उभे राहिले, सतीश दुभाषी उभे राहिले. लागूंचेच खरे म्हणणारे आयुष्यभर तसंच म्हणत राहिले. आमच्या गिरगावात यावरून जेवणावळीत वाद झालेले मी ऐकले आहेत. तरी भटांचे अप्पा पाहून रडत बाहेर पडलेल्यांचं रडणं काही खोटं नव्हतं.

तू म्हणशील, ताई, हे उदाहरण लागू पडत नाही. बरोबर आहे, पूर्ण नाही पडत. बेलवलकर शिरवाडकरांनी लिहिले होते. ते कुणाही नटाच्या आधी कागदावर होते. चेस्टरच्या गाण्यात जे दुखत होतं ते बरंचसं त्याचं स्वतःचं होतं. लहानपणी झालेला अत्याचार, व्यसनं, ती आत साठलेली घालमेल, या सगळ्याबद्दल तो उघड बोलला होता. तो आवाज दुसऱ्या घशात भरता येत नाही. तुझ्या पत्राच्या निमित्तानं मी दोघांचंही गाणं ऐकलं. माझा पिंड नाट्यसंगीताचा, त्यामुळे माझ्या मताला किती वजन द्यायचं ते तूच ठरव. एमिलीचा गळा खरखरीत आणि ताकदीचा आहे. ती लॉस एंजेलिसच्या डेड सारा या बँडमध्ये आधीपासून गात होती, म्हणजे ही काही नवशिकी नव्हे. पण तार सप्तकात ओरडतानाही चेस्टर सुरात राहायचा आणि त्या सुरात कुणीतरी आतून फाटत असल्यासारखं वाटायचं. ते हिच्यात नाही. शहाणपणा असा की, ती त्याची नक्कल करताना मला तरी कुठे दिसली नाही.

शिवाय बदल काही एकट्या गायकाचा नाही. ड्रमर रॉब बर्डन परत आलाच नाही, त्याच्या जागी कॉलिन ब्रिटन आहे. गिटारवाला ब्रॅड डेल्सन बँडमध्ये आहे, पण दौऱ्यावर त्याच्या जागी दुसराच माणूस वाजवतो. माइक शिनोदा, जो हान आणि डेव्ह फॅरेल तेवढे जुने दिसतील. तेव्हा 'हे पूर्वीचं नाही' हे तुझं ऐकणं शंभर टक्के बरोबर आहे. पूर्वीचं नाही म्हणून खोटं, हे मात्र मला पटत नाही. आपल्या मुंबईतल्या बँडचंच बघ. १९८४ ला सुरू झालेलं रॉक मशीन १९९३ मध्ये इंडस क्रीड झालं, १९९७ मध्ये मोडलं आणि २०१० मध्ये दोन नवे वादक घेऊन परत उभं राहिलं. त्यातलं कुठलं खरं? आणि ते कुणी ठरवायचं?

ठरवणारे नेहमीच असतात म्हणा. तुझ्या कॉलेजातही होते. तुझंच पत्र काढ आणि वाच. 'ते काय खरं रॉक नाही,' मुलं तुला म्हणाली. 'ते खरं लिंकिन पार्क नाही, तुला काय कळतंय,' तू लेकीला म्हणालीस. दोन्ही वाक्यं तूच लिहिलीस, दहा-बारा ओळींच्या अंतरानं. मधल्या ओळींत तुझं आयुष्य आलं, म्हणून बहुधा ती एकमेकींशेजारी दिसली नाहीत. त्या मुलांचं ऐकून तू कॅसेट बंद केली नव्हतीस. तुझी लेकही बंद करणार नाही, पण यापुढे ती तुझ्यासमोर ऐकणार नाही. दारामागे ऐकेल. त्यात तुझंच जास्त नुकसान आहे.

तू तिच्यावर रागावलीस याचं कारण माझ्या मते गायिकाही नाही. असं बघ. गेली कित्येक वर्षं तुझ्या मनात कुठेतरी असणार, की पोरगी मोठी झाली की एक दिवस तिला आपली गाणी ऐकवायची. बाबांची कंपनी, ते मुकं घर, दादानं भरून आणलेली कॅसेट, हे सगळं सांगून ऐकवायची. तो मान तुझा होता. आणि झालं काय, तर ती गाणी तिला एका परक्या बाईनं मोबाइलवर ऐकवली. तुझा खजिना तिला तुझ्या हातून मिळालाच नाही. मला विचारशील तर हे दुःख चेस्टरच्या खालोखालचं आहे आणि त्याला मत्सर म्हणायला तू लाजत असशील तर लाजू नकोस. आईला मत्सर होतो. फक्त त्याची किंमत लेकीकडून वसूल करायची नसते.

आणि जरा तिच्या जागेवरून बघ. तू सतरा वर्षांची होतीस तेव्हा स्टेजवर सगळे पुरुष होते आणि खाली 'पोरगी असून' म्हणणारेही पुरुषच. ती चौदा वर्षांची आहे आणि तिला माइकशी गळ्याच्या शिरा ताणून ओरडणारी एक बाई दिसते. समोरचं सगळं मैदान त्या बाईच्या मागून गातं. हे तुला तेव्हा मिळालं असतं तर? मी गिरगावची. ऑगस्टमध्ये धोबीतलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक हा रॉक बँडांचा महोत्सव व्हायचा, तेव्हा त्या बाजूला काळ्या टीशर्टवाल्या पोरांची रांग लागलेली मी पाहिली आहे. त्या रांगेत मुली शोधाव्या लागायच्या.

आता 'आजारी होता'बद्दल. जायचं की नाही यापेक्षा मला हे महत्त्वाचं वाटतं.

तिला खरं कळलेलं आहे. चौदा वर्षांची मुलगी, हातात मोबाइल, आवडता बँड. तिनं तुला विचारायच्या आधीच सगळं वाचलं असणार. तिला माहिती नको होती. या विषयावर आईशी बोलता येतं का, एवढंच तिला बघायचं होतं. आणि तिला उत्तर मिळालं, की येत नाही. हे दार उघडं करायला हवं, कारण उद्या तिच्या वर्गातल्या कुणाच्या, किंवा न करो देव, तिच्याच मनात काही आलं तर ती त्याच दाराशी येणार आहे.

गंमत म्हणजे तुझं उत्तर निम्मं खरं होतं, तिथूनच सुरुवात कर. म्हणावं, 'मी तुला आजारी होता म्हणाले. तो खरंच आजारी होता, मनानं. नैराश्य होतं, व्यसनं होती, बरीच वर्षं तो त्याच्याशी झगडत होता. त्यानं आत्महत्या केली. मला तेव्हा बोलता आलं नाही, कारण मला अजून त्याचं फार वाईट वाटतं.' एवढं पुष्कळ झालं. कशी, कुठे, या तपशिलात शिरू नकोस आणि तिनं विचारलं तर 'त्यात जायला नको' असं सरळ सांग. 'सुटला बिचारा' हे शब्द चुकूनही नकोत, तसंच 'एवढं सगळं असून असं करावं का' हेही नको. पहिल्यानं मरण सोपं वाटतं, दुसऱ्यानं मदत मागणाऱ्याची जीभ अडखळते. आणि मग तिला विचार, की तुला कधी फार अंधारल्यासारखं होतं का? विचारल्यानं नसलेलं काही डोक्यात भरत नाही. उत्तर आलं नाही तरी चालेल, विचारलेलं तिच्या लक्षात राहील. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर घरात सगळ्यांना माहीत असू दे. फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर तुझ्यासाठीही आहे. २००१ सालचं ते वर्ष तू एकटीनं काढलंस, पुढचं कुठलंही तसं काढायची गरज नाही.

'त्यानं मला बाहेर काढलं, त्याला स्वतःला बाहेर पडता आलं नाही,' असं तू लिहिलंस. यावर माझ्याकडे तोडगा नाही. एवढंच दिसतं, की गाणं ऐकणाऱ्याला जे देतं ते गाणाऱ्याला मिळतंच असं नाही. तो स्टेजवरून उतरला की तुझ्याकडे वॉकमन होता, त्याच्याकडे तो स्वतःच होता. आणि आजार गाण्यानं बरा होत नाही, उपचारांनी होतो. तेही कधी अपुरे पडतात. तू त्याची गाणी ऐकून जगलीस यात तू त्याच्याकडून काही ओरबाडलेलं नाहीस. तसं वाटत असेल तर ते ओझं खाली ठेव.

मग लेकीशी समेट. समोर बसवून माफीचं भाषण केलंस तर ती डोळे फिरवेल, या वयाला तेच शोभतं. भांडी घासताना किंवा रिक्षात, दोघींची तोंडं एका दिशेला असताना म्हण, 'त्या दिवशी तुला काय कळतंय म्हणाले ते चुकलं. मला कॉलेजात असंच म्हणायचे आणि मला फार लागायचं.' मग तिला सांग, की तुझं आवडतं गाणं लाव. 'द एम्प्टीनेस मशीन' लागलं तर शेवटपर्यंत ऐक. चेहरा सांभाळ. आवडलं नाही तर 'मला नाही आवडलं गं' म्हणायला काही हरकत नाही. खोटं कौतुक पोरी एका क्षणात ओळखतात. त्यापुढे 'पण मूळ ऐकशील तर' हे नको. तिनं विचारल्याशिवाय कॅसेट कपाटातून काढू नकोस आणि 'मेटिओरा' या जुन्या अल्बमचा अभ्यासक्रम तर मुळीच लावू नकोस. कुठल्या ओळीपाशी ती स्वतःशी पुटपुटते तेवढं बघ. २००१ मध्ये तुला कुणी हे विचारलं नव्हतं.

आता जायचं की नाही. माझं मत, जा. पण त्याला माझी एक अट आहे. हाताची घडी घालून, प्रत्येक गाण्याला 'चेस्टर असता तर' म्हणत उभी राहणार असशील तर घरी थांब आणि तिला मावशीबरोबर किंवा दादाबरोबर पाठव. (दादाला विचारच. कॅसेट त्यानं आणली होती, त्याचाही हक्क आहे.) जाणार असशील तर निष्ठेची परीक्षा द्यायला जाऊ नकोस. तुला तिथे आनंदी असायची सक्ती नाही. एखादं जुनं गाणं सुरू झालं आणि सोसेना, तर लेकीला सांगून पाण्याच्या स्टॉलकडे चक्कर मारून ये. रडू आलं तर रड. तिथे तुझ्या वयाचे शेकडो लोक असतील, पोट सुटलेले, ऑफिसातून दमलेले, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी ती बातमी तुझ्यासारखीच एकट्यानं पचवली असेल. 'तुझा कोण लागत होता' असं तिथे कुणी विचारणार नाही.

नाही गेलीस तरी काही बिघडत नाही. तिकिटं महाग आहेत, जानेवारीत आधीच खर्च असतात, आणि 'आत्ता माझी तयारी नाही' हे पूर्ण उत्तर आहे. फक्त तेच उत्तर दे. बँड खोटा आहे म्हणून जात नाही, असं सांगू नकोस.

जायचं ठरलं तर काही व्यवहाराच्या गोष्टी, कारण या मला नक्की येतात. लोलापालूझा २४ आणि २५ जानेवारीला आहे, लिंकिन पार्क रविवारी २५ ला. तिकीट काढायच्या आधी लेकीच्या वयाला काय नियम आहे तो वाचा. रविवार म्हणजे मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघूनच घराबाहेर पडा. मुलुंडहून दादरला उतरून वेस्टर्नची धीमी गाडी पकडली की महालक्ष्मी. नाहीतर भायखळ्याला उतरून टॅक्सी. परतीला दहाच्या सुमारास सगळं मैदान एकदम बाहेर पडतं, कारण लाउडस्पीकर तेव्हा बंद करावे लागतात. त्या लोंढ्यात महालक्ष्मीच्या पुलावर घुसू नका, अर्धा तास आत थांबून निघा. गर्दीत मोबाइल लागत नाहीत, म्हणून चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आत शिरतानाच ठरवा. औषधाच्या दुकानात कानात घालायचे फोमचे बोळे मिळतात, ते दोघींसाठी घे. तिच्या कानांना अजून पुष्कळ वर्षं काम करायचं आहे. पायात बूट घाला, मैदानात धूळ असते. आणि दुसऱ्या दिवशी २६ जानेवारी. तुला सुट्टी असेल, पण तिला सकाळी झेंडावंदनाला शाळेत जावं लागेल, तेव्हा गणवेश शनिवारीच इस्त्री करून ठेव.